टर्कीसाठी चोक कोणता, काडतूस कोणतं (भाच्याला सांगितलं तेच इथे)

आमच्या इंदूरात शिकारीचं नाव काढलं तरी लोक चमकून बघतात, बरोबरच आहे, 1972 च्या कायद्यानंतर तो विषयच संपला, होळकरांचं रालामंडलचं शिकारगाह आता अभयारण्य आहे आणि आपण तिथे पोहे-जिलेबी जिरवायला चढतो. पण भाचा अमेरिकेत, तिथे टर्की पक्ष्याच्या शिकारीचा रीतसर सीझन असतो, लायसन्स मिळतं. परवा फोन आला, मामा तू क्ले (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या) मारायचास ना, सांग चोक कोणता घेऊ.

चोक म्हणजे काय तर नळी तोंडाशी जरा आवळलेली, बागेतल्या पाइपावर अंगठा दाबतो तसं. 12 बोअरच्या छर्ऱ्याच्या बंदुकीची नळी आतून साधारण साडेअठरा मिमी, फुल चोकमध्ये तोंडाशी जेमतेम एक मिमी कमी होते, टर्कीवाले एक्स्ट्रा फुल त्याहून टाइट. इतकं टाइट का, तर टर्कीला अंगावर मारत नाहीत, पिसं जाड असतात, नेम फक्त डोक्या-मानेवर, त्यामुळे छर्रे एका जागी दाट पडायला हवेत. पण म्हणून सगळ्यात टाइट तेच आणायचं असं नाही. मी एकदा क्लेसाठी हौसेने असाच घट्ट चोक लावला, 25 पैकी 9 फुटल्या, मित्र अजून चिडवतात. पक्षी दहा-बारा मीटरवर आला तर सगळे छर्रे मुठीएवढ्या जागेत जातात, जरा हात हलला की गेलाच.

आता काडतूस. छर्ऱ्याचा नंबर उलटा चालतो हे लक्षात ठेव, आकडा मोठा तर छर्रा बारीक. शिशाचे 4, 5, 6 नंबर चालतात, मी 5 म्हणेन, बाजरीच्या दाण्याएवढा असतो, एका औंसात साधारण 170. हल्ली टंगस्टनचं टीएसएस निघालंय, शिशापेक्षा दीडपट जड, त्यामुळे 9 नंबरचा मोहरीएवढा छर्रासुद्धा लांबवर जोर धरतो आणि औंसात 360 च्या आसपास बसतात. महाग मात्र भयंकर, पहिल्याच वर्षी नको. टीएसएस किंवा स्टील घेतलंसच तर चोकवर ते चालतं असं लिहिलेलं बघ, छर्रा कडक असतो, भलत्या चोकमधून मारला तर चोक नाहीतर नळी फुगते. आणि नळीवर चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो भाग, किती इंची ते वाच, पावणेतीनच्या चेंबरमध्ये तीन इंची काडतूस बसल्यासारखं वाटतं पण मारायचं नाही म्हणजे नाही.

खरं काम कागदावर. मोठा कागद लाव, मध्ये टर्कीचं डोकं काढ, 40 यार्ड म्हणजे 36-37 मीटरवर नीट बसून एक मार. मग जिथे सगळ्यात दाट पडलेत तिथे दहा इंची गोल आखून पेनाने टिकल्या मोज, कंटाळा येतो पण मोज. शंभराच्या वर असतील आणि डोक्या-मानेत चांगले बसले असतील तर तीच जोडी पक्की, नसतील तर आधी काडतुसाची कंपनी बदल, चोक नंतर. कधी कधी पुंजका डोक्याच्या डावीकडेच पडतो, तो चोकचा दोष नाही, साइट अ‍ॅडजस्ट कर. पंचवीस यार्डवरही एक मारून बघ, आणि 40 ला कमी पडत असेल तर तुझी हद्द तीसच, पक्षी जखमी करून सोडायचा नाही.

चोक बदलताना बंदूक रिकामी, आणि चोक न लावता फायर करू नकोस, आटे जातात. हो, लाल-पांढरं-निळं काही घालू नकोस रे, नर टर्कीचं डोकं त्याच रंगांचं असतं, झाडीमागून कोणी दुसरा शिकारी तुझ्यावरच नेम धरायचा. हे ऐकून ताईने फोन हिसकावून घेतला.