कापलेली लष्करी रायफल: ओळख आणि डागडुजी

वडिलोपार्जित रायफलीचा पुढचा लाकडी भाग नळीच्या मध्यावरच संपत असेल आणि वरून नळी उघडी दिसत असेल, तर ती लष्करी रायफल शिकारीसाठी कापून हलकी केलेली असण्याची शक्यता बरीच आहे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा येईपर्यंत अशा रायफली शिकारीला आणि शेताच्या राखणीला सर्रास वापरल्या जात. आता त्या मुंबईत फ्लॅटच्या लोखंडी कपाटात पडून असतात, आणि दमट हवेत वर्षागणिक खराब होतात.

हत्याराला हात लावण्याआधी परवाना काढा. परवान्यावरचा बोअर (नळीचे आतले माप), बनावट आणि क्रमांक रायफलीवरच्या खुणांशी जुळतो का ते पाहा. परवाना दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल आणि वारसाच्या नावे झालेला नसेल, तर डागडुजीचा विचार नंतर. शस्त्र कायदा १९५९च्या कलम २१ प्रमाणे ती आधी जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. मुंबईत परवान्याचे काम पोलीस आयुक्तालयात चालते. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, हेही वारसाने आधीच मोजून घ्यावे.

कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती, बदल किंवा चाचणी धंदा म्हणून करायला वेगळा परवाना लागतो. त्यामुळे घरी फक्त साफसफाई आणि लाकूडकाम. नळी, चेंबर (काडतूस बसण्याची जागा), बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) आणि चाप यांचे काम परवानाधारक कारागिराकडेच द्या. चोर बाजारात जुनी मॅगझीन किंवा बोल्ट दिसला तरी घेऊ नका; कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रातच मोडतात.

आता ओळख. मॅगझीन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीने तपासा, आणि मगच रायफल टेबलावर ठेवा.

आपल्याकडे सापडणाऱ्या बहुतेक रायफली ली-एनफील्ड घराण्यातल्या, म्हणजे मुंबईकरांनी स्टेशनांवर हवालदारांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे पाहिलेली थ्री-नॉट-थ्री (.३०३). १९०७च्या मार्क ३ मॉडेलचे मूळ रूप लक्षात ठेवा: नळी २५.२ इंच, मॅगझीन दहा काडतुसांची, आणि लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत. बोल्टच्या दांडीखाली उजव्या बाजूला, दस्ता जिथे बसतो त्या लोखंडी खोबणीवर, मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखाना, साल आणि मॉडेल कोरलेले असते. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम, एलएसए म्हणजे लंडन, लिथगो म्हणजे ऑस्ट्रेलिया. मुकुटाखाली जीआरआय असेल तर ती बंगालमधल्या इशापूरची, आणि स्वातंत्र्यानंतरच्या इशापूर रायफलीवर आरएफआय येते. नंबर ४ मॉडेलमध्ये मॉडेलची खूण सहसा बॉडीच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी भागाच्या) डाव्या भिंतीवर असते आणि मागची साइट (नेम धरायची खूण) बॉडीच्या मागच्या टोकावर बसवलेली छिद्राची असते. मागच्या साइटच्या जागेच्या दोन्ही बाजूंना कानासारखे उंचवटे, किंवा ते घासून काढल्याच्या खुणा दिसल्या, तर ती अमेरिकेत बनलेली पॅटर्न १४ असू शकते. माउझर असेल तर बोल्टच्या बाजूने लांब पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर (झाडलेले काडतूस बाहेर ओढणारा) असतो आणि दोन मोठे लग (बोल्ट अडकवणारे उंचवटे) बोल्टच्या पुढच्या टोकाला असतात; ली-एनफील्डचे लग मागे असतात.

कापलेली आणि मुळातच शिकारी म्हणून बनलेली रायफल यांत गल्लत होते. ‘ली-स्पीड पेटंट्स’ अशी खूण असलेल्या बीएसएच्या रायफली कारखान्यातूनच शिकारी म्हणून निघाल्या. त्यांच्यावर सहसा काडतुसांची क्लिप बसवायचा लोखंडी पूल नसतो. लष्करी बॉडीवर तो असतो, आणि कापणाऱ्याने तो घासून टाकला असेल तर कानशीचे ओरखडे आणि सपाट डाग राहतात. नळीवर पुढे लाकडाखाली झाकलेला भाग वेगळ्या रंगाचा दिसणे, माशी (नेमाची पुढची खूण) झाळून बसवलेली असणे, लाकडाचे पुढचे टोक हाताने गोल केलेले असणे, हीही कापल्याचीच लक्षणे.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न बोअरचा. ब्रिटिश राजवटीत लष्करी बोअर खासगी हातांत जाऊ नये म्हणून .३१५चे, म्हणजे ऑस्ट्रियाच्या ८ मिमी मॅनलिखरचे काडतूस इथे रुळले; .३०३ आजही निषिद्ध बोअर आहे. त्यामुळे परवान्यावर .३१५ लिहिलेल्या रायफलीची नळी खरोखर .३१५ची आहे का, हे मोजून घ्यावे. .३०३चे आतले माप ७.७ मिमी, .३१५चे ८ मिमी. इथे व्हर्नियर फसवतो: एनफील्डच्या नळीत सहसा पाच खाचा असतात, त्यामुळे एका कडेच्या समोर दुसरी कड येत नाही आणि माप चुकते. त्याऐवजी खरादीकडून ७.८५ मिमीची गुळगुळीत पितळी कांडी करून घ्या. ती तोंडातून जोर न लावता आत गेली तर नळी ८ मिमीकडची, अडली तर .३०३. तोंड झिजलेले असेल तर निकाल संशयास्पद धरा. खात्री चेंबरच्या साच्यानेच होते, आणि तो कारागिराने काढावा: सेरोसेफ नावाचा मिश्रधातू सुमारे ७० ते ८८ अंशांत वितळतो, ओतल्यावर आधी आकसतो आणि तासाभराने चेंबरच्या नेमक्या मापाला येतो. घाईने लगेच मोजला तर आकडा चुकणारच. .३०३ची केस सुमारे ५६ मिमी लांब, .३१५ची ५०, साचा पाहून शंका उरत नाही.

परवाना आणि नळी जुळत नसेल तर काम तिथेच थांबवा आणि वकिलाला विचारा. आतून नळी गुळगुळीत असेल आणि मॅगझीनच्या खाचेत लाकडी ठोकळा असेल, तर ती इशापूरने पोलिसांसाठी केलेली .४१० बोअरची बंदूक असण्याचा संभव आहे. ‘डीपी’ अशी खूण म्हणजे कवायतीची रायफल. ती कधीही झाडायची नाही, चेंबरला छिद्र दिसो वा न दिसो.

‘पूर्ववत करा, पुन्हा लष्करी रूप द्या’ हा मोह इथे टाळावा. परदेशात हौशी लोक कापलेल्या रायफलीला नवे लाकूड आणि जुनी नोजकॅप (नळीच्या तोंडाशी बसणारी लोखंडी टोपी) लावतात. इथे .३१५ची नळी काढून .३०३ बसवणे म्हणजे परवान्यातले हत्यार निषिद्ध हत्यारात बदलणे. परवान्यात जशी नोंद आहे, तशीच ती नीट करावी. क्रमांकाची जागा तर अजिबात घासू नये. कलम ८ प्रमाणे ओळखखूण नसलेली बंदूक बाळगणेच गुन्हा आहे.

मार्क ३ उघडताना एक चूक वारंवार होते. मागच्या दस्त्याचा लांब बोल्ट आधी फिरवायचा नाही. त्याचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. ते तसेच फिरवले की पुढचे लाकूड मागच्या टोकाला उभे चिरते. आधी मॅगझीन आणि चेंबरचा बोल्ट, मग ट्रिगर गार्डचे स्क्रू, मग पुढचे लाकूड सरळ खाली उतरवून वेगळे, आणि गरज असेल तरच मागचा दस्ता. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असा पेचकस नागदेवी स्ट्रीटवरून घ्या आणि त्याचे पाते दगडावर घासून खाचेच्या मापाचे करा. पाते सैल बसले की खाच फाटते. अडलेल्या स्क्रूवर आदल्या रात्री भेदक तेल सोडा. मुख्य स्क्रूभोवतीचे छोटे नळकांडे हरवू नका. ते नसेल तर स्क्रू आवळताना लाकूड चेपते.

लाकूड सुटले की पुढच्या लाकडाचे मागचे दोन खांदे पाहा. झाडतानाचा धक्का तिथे बसतो. काळे, तेलाने मऊ झालेले खांदे म्हणजे बिघडलेला नेम. मऊ भाग कोरून काढून कडक लाकडाचे तुकडे इपॉक्सीने बसवणे हे मापाचे काम आहे, कारागिराला द्या. या लाकडाचे मागचे टोक लोखंडी खोबणीला टेकू नये, मध्ये बारीक फट हवी. इशापूरच्या काही रायफलींत लाकडातून आडवा जाणारा स्क्रू दिसतो. तो कारखान्याने मजबुतीसाठी घातलेला आहे, काढू नका.

दस्त्यातले जुने तेल काढायला खडूची भुकटी आणि मिनरल टर्पेंटाइनचा पातळ लगदा लावून बाल्कनीतल्या उन्हात वाळवा, ब्रशने झाडा. तीन-चार वेळा करावे लागते. दाबलेल्या खळग्यावर ओली सुती चिंधी ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफेने तंतू फुगतात. मात्र लाकडावर जिथे शिक्का आहे तिथे हे करू नका. पॉलिश पेपर शक्यतो वापरूच नये. मुंबईत फर्निचरच्या पॉलिशवाल्याकडे दिलेला दस्ता ओळखता येतो: कडा गोल झालेल्या, पितळी बटप्लेट लाकडाबाहेर उभी, आणि वर चकचकीत मेलामाइन. ते रिमूव्हरने उतरवा. मग जवसाचे तेल: पहिला हात अर्धे तेल, अर्धे टर्पेंटाइन, पुढचे हात नुसत्या तेलाचे, अगदी पातळ, तळहाताने चोळून, आणि वीस मिनिटांनी जादा तेल पुसून. हे काम दिवाळीनंतर घ्या. पावसाळ्यात तेल सुकत नाही, चिकट राहते. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेटतात; सपाट पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवा.

लोखंडावरच्या लाल गंजाला सगळ्यात बारीक स्टील वूल आणि हलके तेल पुरते. बफ मशीन नको, त्याने कोरलेली अक्षरे पुसट होतात. उरलेला काळसर थर तसाच राहू द्या.

नळीत जुन्या काडतुसांचे क्षार असू शकतात. जुन्या प्रायमरमधले (काडतूस पेटवणाऱ्या टिकलीतले) पोटॅशियम क्लोरेट जळून पोटॅशियम क्लोराइड उरते. ते हवेतले पाणी ओढते आणि तेलात विरघळत नाही. म्हणून चेंबरकडून नरसाळ्याने लिटरभर उकळते पाणी सोडा, फ्लॅनेलच्या चिंध्यांनी कोरडे करा, कांस्य ब्रश चालवा, शेवटी तेल. निळसर-हिरवा डाग तांब्याचा. तोंडाशी एकाच बाजूला खोल घळ दिसली तर ती नळी साफ करायच्या दोरीच्या घासण्याने झालेली आहे. ती साफसफाईने जात नाही आणि नेम कायमचा बिघडवते. मोठे खड्डे, फुगवटा किंवा बोल्टचा क्रमांक बॉडीशी न जुळणे यांपैकी काहीही असेल तर झाडण्याआधी कारागिराकडून हेडस्पेस गेजने (बंद बोल्ट आणि काडतुसाची बैठक यांतले अंतर मोजणाऱ्या मापाने) तपासून घ्या. .३०३च्या गेजची मापे ०.०६४ ते ०.०७४ इंच आहेत, पण .३१५ला ती लावू नयेत.

ठेवताना कातडी किंवा कॅनव्हासची पिशवी नको, ती ओल धरते. तोंडात कापसाचा बोळा नको. कपाटात सिलिका जेल, आणि रायफल तोंड खाली करून उभी, म्हणजे तेल दस्त्यात उतरत नाही. बोल्ट वेगळा कुलुपात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पुसा.

निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलिसांनी आदेश दिला तर ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. देताना नळीत तेलाचा जाडसर थर द्या, पावतीवर क्रमांक वाचून घ्या आणि रायफलीची अवस्था लिहून घ्या. परत आल्यावर त्याच दिवशी तेल पुसून नळीत डोकावून पाहा. आठवड्यात धरलेला गंज पुढे उतरत नाही.