रानभाज्या खुडताना आणि लावताना या चुका टाळा

पहिल्या वर्षी मी शेवळं केली, त्या रात्री घरात कोणालाच धड बोलता येईना. घशात खवखव, जिभेला सुया टोचाव्यात तसं, आणि सासूबाई ताकाचा पेला हातात धरून माझ्याकडे नुसत्या बघतायत. शेवळांच्या जुडीबरोबर बाजारातल्या ठाकरीण मावशींनी पाच-सहा हिरवी फळंही पिशवीत टाकली होती. मला ती वरकड वाटली आणि मी फेकून दिली. ती काकडं होती.

शेवळ सुरणाच्या गोतातलं. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि खाज येते ती त्यांनीच. काकड नावाच्या झाडाची आंबट फळं ठेचून त्यांचा रस भाजीत घालतात तो यासाठी. काकडं नसतील तर चिंच किंवा आमसूल, पण सढळ हाताने आणि भाजी शिजत असतानाच. शेवटी लिंबू पिळून काम भागत नाही. शेवळं निवडताना वरचं आवरण सोलायचं आणि आतल्या दांड्याचा पिवळट, दाणेदार भाग काढून टाकायचा. हाताला तेल लावून बसा. वाढण्याआधी चिमूटभर भाजी जिभेच्या टोकावर ठेवून पाच मिनिटं थांबा. खवखव जाणवली तर आंबट वाढवून पुन्हा शिजवा.

तेव्हापासून मी रानभाजी घेताना नाव शेवटी विचारते. आधी विचारते, कोणता भाग खायचा, किती दिवसांचा आणि कशाबरोबर शिजवायचा. यातलं एक जरी निसटलं तरी नाव पाठ असून उपयोग नाही.

फोटोवरून ओळखणं

मोबाइलवर फोटो टाकला, नाव आलं, भाजी फोडणीला गेली, ही सध्याची सगळ्यात मोठी चूक. फोटोत देठ मोडता येत नाही. घोळ आणि दुधी (भोपळा नव्हे, त्याच नावाचं तण) दोन्ही जमिनीलगत पसरतात, दोन्हींचे देठ लालसर असतात. पण घोळीचा देठ मोडला की नुसतं पाणी सुटतं, दुधीतून पांढरा चीक येतो. चीक दिसला की टाकून द्या. घोळीचं पान मांसल असतं, बोटांत दाबलं की फुटतं.

टाकळ्याच्या बाबतीत पानं मोजा. एका देठावर छोट्या पानांच्या तीन जोड्या आणि टोकं गोलसर, तर टाकळा. चार ते सहा जोड्या आणि टोकं निमुळती असतील तर तो कासविंदा. हा फरक हसण्यावारी नेऊ नका. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं मेंदूज्वरासारख्या आजाराने दगावत होती. डॉक्टरांनी मूळ शोधलं तेव्हा मुलांनी खेळता खेळता खाल्लेल्या कासविंद्याच्या बिया कारण निघाल्या.

अळंबीबद्दल एवढंच सांगते: स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून ती कधीच आणू नका. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या रान तुडवणारी माणसंही ठरावीक वारुळांवरचीच काढतात.

जागा आणि वेळ

बांधावरची घोळ लुसलुशीत दिसते म्हणून खुडू नका. हल्ली मजूर मिळत नाहीत, त्यामुळे बांधावरही तणनाशक मारतात आणि फवारणीनंतर दोन-तीन दिवस तण तसंच हिरवंगार उभं असतं. शेतकऱ्याला विचारा, तो सांगतो. रेल्वेरुळाकडेची, नाल्याकाठची, हमरस्त्यालगतची भाजी सोडून द्या. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यातून तर पानही आणायचं नाही, तिथे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे.

टाकळा फुलावर येण्याआधी खा, नंतर तो चरबट होतो. फोडशी मुळासकट उपटू नका, वरून कापा, म्हणजे पुढच्या पावसात तीच पुन्हा येते. मुतखडा असलेल्यांनी घोळ आणि अंबुशीवर ताव मारू नये. दोन्हींत ऑक्झलेट भरपूर असतं.

आणि ज्यांना वर्षभर रानावर घर चालवायचं आहे त्यांच्यासाठी: पालेभाजीने पोट भरत नाही, ती तोंडी लावायला. पोटाला कंद लागतात, आणि तिथे मेहनत आहे. कडू करांदा कापून, राखेच्या पाण्यात उकडून, रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवल्यावर खाण्याजोगा होतो. हे एखाद्या जाणत्या बाईच्या शेजारी बसून शिका, ऐकीव माहितीवर करू नका.

लावलं, पण येत नाही

घोळीचं बी मातीत पुरलं तर उगवत नाही. ते मातीवर भुरभुरायचं आणि पाणी शिंपडायचं, कारण त्याला उजेड लागतो. टाकळ्याचं बी उलट कठीण कवचाचं, वाळूत घासून मग पेरा.

सगळ्यात जास्त रडवते ती करटोली. मी बियांपासून चार वेल वाढवले. रोज संध्याकाळी पिवळी फुलं, फळ एकही नाही. चारही वेल नर निघाले! करटोलीत नर आणि मादी वेल वेगळे असतात आणि बीवरून ते कळत नाही. वांझ करटोली म्हणतात ती बहुधा हीच. फूल उलटं धरून बघा: मादी फुलाच्या बुडाशी खवल्याखवल्यांचं इवलंसं करटोलं आधीपासूनच असतं, नराचा देठ सपाट. म्हणून बी न लावता कंद लावा. पावसाळ्यात फळं धरलेल्या वेलाला सुतळी बांधून ठेवायची आणि वेल वाळला की तिथलाच कंद घ्यायचा. आठ-दहा मादी वेलांना एक नर पुरतो. फळ धरत नसेल तर संध्याकाळी नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच फिरवा.

थंडीत वेल पूर्ण वाळतो. तो मेलेला नसतो, कंद झोपलेला असतो. त्या दिवसांत पाणी घालायचं नाही आणि कुंडीवर नाव लिहून ठेवायचं. आमच्याकडे जानेवारीत रिकामी कुंडी समजून कोणीतरी तिच्यात पुदिना लावला आणि रोज पाणी घातलं. पुदिना झकास आला. खालचा कंद कुजला होता.