उजनीचा कालचा आकडा जपायचा कसा

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मागच्या उन्हाळ्यात मोहोळकडचे एक काका आले. "ताई, चार महिन्यांमागचा उजनी धरणाच्या पाणीसाठ्याचा तक्ता काढून दे." सरकारी संकेतस्थळ उघडलं, तर तिथे फक्त त्या दिवसाचा तक्ता. रोज नवा चढतो, जुना जातो. बिघडलेल्या प्रिंटांच्या पाठीवर मी हिशेब लिहिते. त्या गठ्ठ्यात एक जुना तक्ता सापडलासुद्धा, पण त्यावर तारखेची ओळच छापलेली नव्हती. काकांनी घडी घालून परत दिला. "हे कुणाला दाखवू?"

तेव्हापासून मी जे करते, ते सांगते.

आधी मूळ पीडीएफ उतरवून घ्या. स्क्रीनशॉटवर भरवसा नको, व्हॉट्सअ‍ॅपवर चार हात फिरला की त्याला ना आई ना बाप. फाइलच्या नावात वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा. फोल्डरमध्ये आपोआप ओळीने लागतात. पानाचं प्रिंट काढायचं असेल तर क्रोमच्या छपाई सेटिंगमध्ये 'हेडर्स अँड फूटर्स'वर टिक करा. वर तारीख, खाली पानाचा पत्ता छापून येतो. काकांच्या त्या तक्त्यावर माझी तेवढी टिक राहिली होती.

उजनीचा नुसता टक्काही टिपू नका. तो उपयुक्त साठ्याचा असतो. धरण भरलं की सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, त्यातलं तळाचं ६३ टीएमसीहून थोडं जास्त पाणी म्हणजे मृत साठा, तो उपयुक्त साठ्यात धरत नाहीत. म्हणूनच उन्हाळ्यात 'वजा' टक्के दिसतात. धरण कोरडं नसतं, पाणी मृत साठ्यात उतरलेलं असतं. अख्खा तक्ता असला तरच हे कळतं.

आता, माझ्या संगणकातली फाइल मीच बदलली नाही कशावरून? त्यासाठी त्रयस्थ हवा. वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'वर 'सेव्ह पेज नाऊ' असा रकाना आहे. तिथे पानाचा पत्ता टाकला की तारीख-वेळेसह प्रत राहते. पानावरच्या पीडीएफचा पत्ता वेगळा टाका, ती पानाबरोबर जाईलच असं नाही. जिल्हा, तालुका निवडून किंवा कॅप्चा भरून उघडणारी पानं तिथे सहसा टिकत नाहीत. ती हातानेच उतरवा. आणि लाभार्थ्यांच्या याद्यांत आधार, बँक खातं, मोबाइल नंबर असेल तर कृपा करून तिकडे चढवू नका. लोकांची अब्रू असते ती.

शासन निर्णयाचं काम सोपं. शेवटी 'त्याचा संकेतांक … असा आहे' अशी ओळ असते. तो लांबलचक आकडा फाइलच्या नावात घाला. विषयाने शोधत बसलात तर दिवस जाईल.

जे संकेतस्थळावरून गेलंच, त्यासाठी माहिती अधिकार कायदा, २००५. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक अर्ज एक विषय, मजकूर १५० शब्दांत. कारण सांगावं लागत नाही. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. 'अमुक तारखेचा दैनिक पाणीसाठा तक्ता' असं नेमकं मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. २०१८ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. जाताना ते परिपत्रक छापून न्या, खिडकीवरचा सूर बदलतो.

माझ्या तीन प्रती असतात: दुकानाच्या संगणकात, घरच्या पेनड्राइव्हवर, आणि अक्कलकोटला भावाकडे. दरवर्षी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीत तिन्ही उघडून बघते. यंदा घरचा पेनड्राइव्ह उघडलाच नाही. भावाला एसटीने दुसरा पाठवायला सांगितला.