टेक्निकल रायटर झालात? आधी कॉम्प्युटरवर हात बसवा

ऐरोली-महापे भागातल्या आयटी कंपन्या असोत की वागळे इस्टेटमधले कारखाने, टेक्निकल रायटरची, म्हणजे यंत्राची किंवा सॉफ्टवेअरची मॅन्युअल लिहिणाऱ्याची, एक तक्रार सगळीकडे ऐकू येते. सगळं तयार झाल्यावर त्याला बोलावतात आणि म्हणतात, "जरा इंग्रजी नीट करून द्या." तक्रार खरी आहे आणि ती मला मनापासून खटकते. मॅन्युअलमध्ये चूक राहिली तर पंप बसवणारा माणूस चुकीची वायर जोडतो. इतक्या जबाबदारीचं हे काम आहे. पण इंजिनियर तुम्हाला जोखतो तो आधी तुमच्या फाइलवरून. त्याने मध्ये एक परिच्छेद घातला आणि पुढची सगळी पानं विस्कटली, तर तुमचं लेखन वाचायला तो थांबत नाही.

म्हणून सुरुवात वर्डमधल्या स्टाइल्सपासून, म्हणजे शीर्षक-मजकुराच्या तयार साच्यांपासून करा. शीर्षक हाताने ठळक करून, अक्षर मोठं करून, पुढे '३.२' टाइप करू नका. कर्सर शीर्षकावर ठेवून कंट्रोल+ऑल्ट+१ दाबा, म्हणजे ते 'हेडिंग १' होईल. उपशीर्षकाला त्याच पद्धतीने २. १, १.१ असे आकडे आपोआप देणाऱ्या मल्टिलेव्हल लिस्टमधून आकडे हेडिंगला जोडा. मग रेफरन्सेस टॅबमधून अनुक्रमणिका घाला. टिंबं आणि पान क्रमांक स्वतः टाइप केलेली अनुक्रमणिका मी आजही पाहते, आणि शेवटच्या दिवशी एक प्रकरण वाढलं की ती सगळी खोटी ठरते. स्टाइल्स लावल्या असतील तर अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ९ दाबायचं, 'अपडेट एन्टायर टेबल' निवडायचं, काम झालं. व्ह्यू टॅबमधलं नॅव्हिगेशन पेन उघडून एखादं शीर्षक माउसने ओढलंत तर त्याखालचा सगळा मजकूरही सोबत सरकतो.

आकृत्यांचंही तसंच. 'खालील चित्र पाहा' असं लिहू नका, उद्या ते चित्र पुढच्या पानावर जाईल. चित्रावर राइट-क्लिक करून 'इन्सर्ट कॅप्शन' घ्या आणि मजकुरात क्रॉस-रेफरन्स द्या, म्हणजे त्या आकृतीच्या क्रमांकाशी जोडलेला उल्लेख. स्क्रीनचा हवा तेवढाच भाग टिपायला विंडोज+शिफ्ट+एस. नवीन पान हवं असेल तिथे एंटर बडवत बसू नका, कंट्रोल+एंटर दाबा. फाइलच्या नावात 'फायनल', 'फायनल नवीन' नको, तारीख आकड्यांत घाला: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. नावांप्रमाणे लावलेल्या फाइली मग आपोआप तारखेच्या क्रमाने दिसतात.

रबाळ्याच्या कारखान्यातल्या फिटरसाठी मराठी सूचनापत्र करायचं असेल तर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत टाइप करा. विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी जोडलं की विंडोज+स्पेसने कीबोर्ड बदलतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो.

आता माणसांकडे वळू. इंजिनियरकडे जाण्याआधी ते यंत्र किंवा सॉफ्टवेअर स्वतः चालवून पाहा. "सर, याबद्दल थोडी माहिती द्याल का?" या प्रश्नाला "नंतर बोलू" हेच उत्तर येतं. त्याऐवजी असं विचारून पाहा: "सर, रिसेट बटण पाच सेकंद दाबलं की लाल दिवा लुकलुकतो, पण स्क्रीनवर काहीच येत नाही. हे असंच अपेक्षित आहे का?" इथे तो खुर्ची ओढून बसतो, कारण तुम्ही कदाचित त्याचाच एक दोष शोधून दिलेला असतो. कुठली पायरी, काय केलं, काय दिसलं, एवढं सांगा आणि स्क्रीनशॉट सोबत ठेवा.

मसुदा तपासायला देताना कंट्रोल+शिफ्ट+ई दाबून ट्रॅक चेंजेस सुरू ठेवा, म्हणजे कोणी काय बदललं ते दिसतं. "एकदा बघून घ्या" एवढ्यावर मेल संपवू नका. कुठली पानं कोणी पाहायची आणि कधीपर्यंत, हे लिहा. कोणी तुमचं वाक्य बदललं तर वाद न घालता कारण विचारा. बदलाने अर्थ चुकत असेल तर तसं कमेंटमध्ये स्पष्ट लिहा आणि ठाम राहा.

वेळही मागून घ्या. नव्या कामाच्या पहिल्या बैठकीलाच मला बोलवा, असं मॅनेजरना मेलवर कळवा आणि मॅन्युअलला किती दिवस लागतील ते त्यातच लिहा. प्रॉडक्ट बाहेर पडायच्या आदल्या संध्याकाळी कोणी चाळीस पानं मागितली, तर त्या मेलचा हवाला देऊन सांगा की आज सुरक्षेच्या सूचना आणि जोडणीचा भाग तपासून मिळेल, उरलेला परवा.