वावरातल्या सोलरचा आरसीसीबी कोणताही लोड लावला की पडत होता : माझा अनुभव

यवतमाळकडचं आमचं वावर. लाइन नाही, पॅनेल, बॅटरी, इन्व्हर्टर. लोड नसला की ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांत फरक पडला, म्हणजे गळती झाली, की वीज तोडणारा स्विच) टिकायचा, बोअरचा पंप लावला की धाडकन खाली. एमसीबी (करंट जादा झाला की पडणारा स्विच) एकही पडत नव्हता.

नवा आरसीसीबी बसवला, पंपाची केबल बदलली. फरक शून्य. कपाशीला पाणी अडलं, डोकं फिरायची वेळ आली.

दोष गोठ्याच्या न्यूट्रलमध्ये, म्हणजे परतीच्या तारेत होता. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, म्हणून गोठ्याचा एमसीबी बंद असूनही पंपाचा थोडा करंट त्या न्यूट्रलमधून अर्थिंगला जाई.

आधी सगळे लोड आणि इन्व्हर्टर बंद. मग पॅनेलचा आयसोलेटर, त्यानंतर बॅटरीचा ब्रेकर. हा क्रम उलटा नको, चार्ज कंट्रोलरला धोका असतो. मल्टिमीटरवर शून्य व्होल्ट पाहिलं. आरसीसीबीनंतरच्या न्यूट्रल लिंकवरच्या (सगळे न्यूट्रल जोडलेल्या पट्टीवरच्या) सगळ्या तारा सोडवल्या, उपकरणं काढली. वायरमनने प्रत्येक तार ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं मीटर) अर्थिंगशी तपासली. बाकीच्या १ मेगओहमच्या बऱ्याच वर, गोठ्याची जवळपास शून्य. पत्र्याच्या पाइपात उंदरांनी इन्सुलेशन कुरतडलं होतं, उघडं तांबं पाइपाला टेकलेलं. ती तार पूर्ण बदलली, पीव्हीसी पाइपातून.

न्यूट्रल-अर्थ जोड एकाच जागी हवी, आरसीसीबीच्या आधी, इन्व्हर्टरच्या मॅन्युअलप्रमाणे. ती नसेल तर गळती होऊनही आरसीसीबी पडणार नाही, टेस्ट बटण मात्र चालेल. तेवढ्यावर विसंबू नका, गोठ्यात जनावरं बांधलेली असतात.