घरच्या एअरगन सरावासाठी छर्रे अडवणारी पेटी

स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं ब्राँझ आणलं, तेव्हापासून नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये पालक टार्गेटची पेटी बनवून घ्यायला येतात. बहुतेकांना पेटी टार्गेटच्या कागदाएवढीच हवी असते. पिस्तुलाचा कागद १७ सेंटिमीटरचा, म्हणून पेटीही तेवढीच. पण नवशिक्या पोराचा छर्रा कागदाबाहेर जाणारच, आणि आपल्याला अडवायचा आहे तो नेमका तोच. म्हणून पेटीचं तोंड निदान दीड फूट बाय दीड फूट ठेवा.

आतली प्लेट ३ मिलिमीटर एमएसची (साध्या माइल्ड स्टीलची) घ्या आणि ४५ अंशात बसवा. वरची कड नेमबाजाकडे झुकलेली, खालची मागे. अशी बसली की छर्रा प्लेटवर चपटा होऊन खाली घसरतो. दीड फुटाच्या तोंडाला ही प्लेट साधारण ६५ सेंटिमीटर लांब कापावी लागते. सरळ उभी प्लेट लावून द्या म्हणणाऱ्याला मी नाही म्हणतो. तिच्यावरून शिशाचे तुकडे थेट नेमबाजाकडे उडतात. प्लेटच्या समोरच्या अंगाला नट-बोल्टचं डोकं किंवा वेल्डिंगचा उंचवटा अजिबात नको, कारण तिथे लागलेला छर्रा कुठे वळेल ते सांगता येत नाही. वेल्डिंगचे टाके मागून मारायला सांगा, पुढून ग्राइंडर फिरवून हात लावून बघा. बाजूंना आणि वर १६ गेजचा पत्रा, तळाला ट्रे आणि त्यात दोन इंच वाळू.

तोंडावर पुठ्ठा लावा. नाशकात द्राक्षांची खोकी कुठेही मिळतात, त्यांचा पुठ्ठा चांगला जाड असतो. मागे उडालेली बारीक कपची तो आतच धरतो. मधोमध भोक मोठं झालं की लगेच बदला.

या पेटीत फक्त शिशाचे छर्रे. स्टीलचे गोल छर्रे चपटे होत नाहीत, उसळून परत येतात.

पेटीच्या मागे आणखी एक आडोसा हवा, तो पेटीही चुकली तर. १९ मिलिमीटरचं चार फूट बाय चार फूट प्लायवूड भिंतीला टेकवून पक्कं करा आणि त्याच्यापुढे वीतभर अंतर सोडून जाड सतरंजी किंवा जुना गालिचा सैल टांगा. ताणून बांधलेलं कापड छर्रा परत फेकतं, सैल कापड त्याचा जोर खातं. नुसत्या सिमेंटच्या भिंतीवर भरवसा ठेवू नका.

जागा निवडताना दारांकडे बघा. सिडकोतल्या रो हाउसमध्ये पुढच्या खोलीपासून मागच्या पॅसेजपर्यंत मोकळी रेघ मिळते, पण मधे बाथरूमचं किंवा स्वयंपाकघराचं दार उघडत असेल तर तिथे सराव नाही. मागचं दार आतून कडी लावून बंद. गच्चीवर नकोच, चुकलेला छर्रा शेजारच्या चार गच्च्या ओलांडून जातो. पुरे १० मीटर मिळत नसतील तर ५ मीटरवरून निम्म्या मापाचं टार्गेट लावा. वर्तुळाचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर ठेवा, स्पर्धेत असतो तसा.

पहिल्या दिवशी पेटीपुढे फरशीवर पांढरी चादर पसरा. चष्मा सगळ्यांनी लावायचा, बघणाऱ्यानेही. दहा-बारा छर्रे मारून झाल्यावर बंदूक रिकामी करून खाली ठेवा आणि मग चादर तपासा. तिच्यावर शिशाचा एकही कण दिसला तर पुठ्ठा जाड करा, प्लेटचा कोन पुन्हा मोजा, आणि चादर स्वच्छ राहीपर्यंत मुलाच्या हाती बंदूक देऊ नका.

शिशाबद्दल मी पालकांना हात जोडून सांगतो. प्लेटवर आपटून त्याची बारीक धूळ होते आणि ती लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. खोलीत हवा खेळती ठेवा, झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं घरातल्या इतर कपड्यांत धुऊ नका. सराव संपला की साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय पाण्याचा ग्लासही उचलायचा नाही. ट्रे मोठ्या माणसानेच काढायचा, हातमोजे आणि मास्क घालून. वाळू आधी थोडी ओली करायची, मग चाळायची. निघालेलं शिसं झाकणाच्या डब्यात भरून, वर नाव लिहून भंगारवाल्याला वेगळं द्या. वाळू कुंडीत किंवा बागेत टाकू नका.