जुन्या पीसीत कार्डाचा आयआरक्यू कसा लावायचा (ड्रायव्हरच्या कोडसकट)

बेळगावात उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये अजून ४८६ प्रोसेसरचा पीसी रोज चालतो, डॉसवर, आणि कॉम २ ला (कॉम म्हणजे सिरीयल पोर्ट) जुनं सीएनसी मशीन जोडलेलं आहे. गेल्या पावसाळ्यात वजनकाट्यासाठी आणखी एक सिरीयल कार्ड टाकलं आणि काट्याचं रीडिंग सुरू झालं की माउस जागच्या जागी अडकायला लागला. मालक म्हणाले कार्डच खराब हाय, टाकून द्या की. पण कार्डात काहीच बिघाड नव्हता. माउस कॉम १ ला, काटा कॉम ३ ला, आणि कॉम १ आणि कॉम ३ दोघांचाही ठरलेला आयआरक्यू, म्हणजे कार्ड ज्या लाइनवरून प्रोसेसरला हाक (इंटरप्ट) देतं तिचा नंबर, ४ च असतो, तिथंच सगळा घोळ.

आयसा, म्हणजे जुन्या पीसीतल्या कार्डांच्या स्लॉटवर, एका आयआरक्यूच्या लाइनवर दोन कार्डं चालत नाहीत असंच धरून चाला. नंतरच्या पीसीआय स्लॉटची कार्डं लाइन शेअर करू शकतात, कारण तिथं लाइनची पातळी बघितली जाते, आयसात मात्र लाइन खालून वर जाण्याचा तो एक क्षणच ८२५९, म्हणजे इंटरप्ट सांभाळणारी चिप, पकडते.

आधी मोकळा नंबर शोधा. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत एकच ८२५९ होती, म्हणजे ८ लाइन, १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये दुसरी आली आणि ती पहिलीच्या २ नंबरवर जोडली, म्हणून हातात राहिल्या १५. त्यातल्या ० टायमर, १ कीबोर्ड, ६ फ्लॉपी, ८ घड्याळ, १३ कोप्रोसेसर, १४ हार्डडिस्क, ह्यांना हात लावायचा नाही. १२ पीएस टू माउसचा, १५ दुसऱ्या आयडीईचा (डिस्क जोडायची दुसरी जागा). ३ आणि ४ कॉम पोर्टांचे, ७ प्रिंटरचा. साउंड कार्ड किंवा दुसरा प्रिंटर पोर्ट नसेल तर ५ मोकळा सापडतो, १० आणि ११ पण बहुतेक मोकळे असतात, पण तुमचं कार्ड छोट्या ८ बिट पट्टीचं असेल तर १० आणि त्यापुढच्या लाइन त्या पट्टीपर्यंत पोचतच नाहीत, मग त्यांचा जंपर (कार्डावरच्या पिनांवर बसणारी, नंबर ठरवणारी छोटी टोपी) शोधण्यात वेळ घालवू नका. डॉसवर एमएसडी हा मायक्रोसॉफ्टचा तपासणीचा प्रोग्राम चालवला की कोण कुठं बसलंय ते दिसतं.

मग जंपर त्या मोकळ्या नंबरवर लावा. मशीन बंद, वायर भिंतीतून काढलेली. कार्ड बाहेर काढलंच आहे तर सोनेरी पट्टी पेन्सिलच्या खोडरबरानं हलकी पुसून घ्या, आमच्याकडं जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की पट्टीवर थर धरतो आणि मग इंटरप्ट कधी येतो कधी येत नाही, आणि माणूस उगाच कोडमध्ये चूक शोधत बसतो. पेंटियमचा पीसीआय बोर्ड असेल तर बायोसमध्ये जाऊन तो आयआरक्यू लेगसी आयसासाठी राखून ठेवा, नाहीतर बोर्ड तोच नंबर एखाद्या पीसीआय कार्डाला देऊन टाकतो.

आता ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम. इथं तीन दारं आहेत आणि तिन्ही उघडावी लागतात. पहिलं व्हेक्टर, म्हणजे इंटरप्ट आला की कुठल्या कोडकडं जायचं तो पत्ता: आयआरक्यू ० ते ७ हे इंटरप्ट हेक्स (सोळाच्या पायाचे आकडे) ०८ ते ०एफ वर, ८ ते १५ हे हेक्स ७० ते ७७ वर. म्हणजे ५ साठी हेक्स ०डी. टर्बो सी मध्ये गेटव्हेक्टनं जुना पत्ता जपून ठेवा आणि सेटव्हेक्टनं आपला टाका, प्रोग्राम संपताना जुना परत लावायचाच, विसरलात तर पुढच्या इंटरप्टला मशीन लटकणार. दुसरं ८२५९ चा मास्क, म्हणजे कुठल्या लाइन बंद ठेवायच्या त्याची नोंद: पोर्ट हेक्स २१ वाचा, ५ नंबरचा बिट शून्य करा, परत लिहा. बाकीचे बिट आहेत तसे ठेवा. १० साठी हेक्स ए१ मधला २ नंबरचा बिट. तिसरं दार कार्डावरच असतं, आणि बहुतेक जण इथंच अडकतात: सिरीयल चिपच्या मोडेम कंट्रोल रजिस्टरमध्ये आउट २ नावाचा बिट आहे, बेस पत्ता (पोर्टाचा सुरुवातीचा पत्ता) अधिक ४, किंमत हेक्स ०८, तो लावला नाही तर चिप इंटरप्ट देते पण तो लाइनवर जातच नाही.

हँडलरमध्ये, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या तुमच्या कोडमध्ये, आल्यावर एक बाइट उचलून लगेच बाहेर पडू नका. बेस अधिक २ वरचं रजिस्टर वाचत राहा, शेवटचा बिट १ दिसेपर्यंत, म्हणजे चिपकडं काही बाकी नाही. कारण दाराची बेल कोणी दाबूनच धरली तर ती परत परत वाजत नाही, तसं काम बाकी ठेवून आलात तर लाइन वरच राहते, नवीन उडी येत नाही आणि पोर्ट कायमचा मुका होतो. सगळं झालं की काम संपल्याची खूण म्हणून हेक्स २० ही किंमत पोर्ट हेक्स २० ला लिहा, आणि ८ किंवा त्यापुढचा आयआरक्यू असेल तर आधी हेक्स ए० ला, मग हेक्स २० ला. हँडलरच्या आत प्रिंटएफ किंवा फाइल उघडणं अजिबात नको, डॉसला ते झेपत नाही, बाइट बफरमध्ये टाका आणि निघा. ९६०० बॉडच्या वेगानं एक अक्षर साधारण १ मिलिसेकंदात येतं, जुन्या ८२५० चिपमध्ये जागा एकाच बाइटची, १६५५० मध्ये १६ ची, त्यामुळं चिप बदलता आली तर बदलाच.

७ वापरत असाल तर आणखी एक बघा. लाइनवर नुसता विजेचा खोटा झटका (नॉइज) आला आणि लगेच गेला तर ८२५९ खोटा ७ पाठवते. हेक्स २० ला हेक्स ०बी लिहून तिथूनच वाचा, ७ नंबरचा बिट नसेल तर काही न करता परत फिरा.

लिनक्सवर काम सोपं आहे, प्रॉक मधली इंटरप्ट्स फाइल बघा, काट्यावर वजन ठेवल्यावर तुमच्या लाइनसमोरचा आकडा वाढत नसेल तर जंपर, बायोस आणि सेटसिरीयल ह्या पोर्टाची सेटिंग लावणाऱ्या कमांडला दिलेला नंबर एकमेकांशी ताडून बघा.

शेवटी कॅबिनेटच्या झाकणाला आतून कागद चिकटवा. त्या वर्कशॉपच्या मशीनवर आता लिहिलंय: काटा, कॉम ३, हेक्स ३ई८, आयआरक्यू ५.